खुबा बदलल्यावरही कंबर दुखतेय, कायरोप्रॅक्टरकडे न्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. आईचा उजव्या खुब्याचा सांधा मागच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरला बदलला. जखम चांगली भरली, काठीशिवाय चालते, पण खुब्यामागची ठणक आणि कमरेची कळ काही जात नाही. रात्री कूस बदलताना तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं. एक्स-रेमध्ये सांधा जागेवर आहे. फिजिओथेरपीने थोडा फरक पडतो, सोडली की पुन्हा तेच.

आता मामा म्हणतात, पुण्याला कायरोप्रॅक्टरकडे (हाताने दाब-झटका देऊन मणके, सांधे मोकळे करणाऱ्याकडे) ने. मोबाईलवर मणके कडाकड मोकळे करण्याचे व्हिडिओ आईनेही पाहिलेत, तिला आशा वाटते. माझं मन मात्र धजत नाही. बदललेला सांधा चुकीच्या झटक्याने निखळू शकतो, त्यात तिची हाडं ठिसूळ. गावाकडच्या हाडवैद्यालाही याच कारणाने नको म्हटलं. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पायांच्या लांबीत फरक पडला तरी कंबर दुखते म्हणे. ते आधी मोजून घेणार आहे.

खुबा बदललेल्या कुणी कायरोप्रॅक्टिक घेतलंय का? झटका न देता, हलक्या हाताने करतात का? एक्स-रे, हाडांच्या घनतेचा रिपोर्ट आधी मागितला का? सर्जन काय म्हणाले? आणि नांदेड-लातूरकडे अशा शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम नीट करून घेणारं कुणी असेल तर तेही सांगा. पुण्यापर्यंत एवढा वेळ गाडीत तिला बसवत नाही.