पन्नाशीनंतर झिरी-पाइपचं काम झेपेना, सांगली-मिरजेत वायरमननं पुढं काय धरावं?

कुपवाडचा वायरमन:
नमस्कार मंडळी. वय 52. आयटीआय इलेक्ट्रिशियन, वायरमनचा परवाना आहे. सुरुवातीला एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, नंतर आजवर घरांची आणि अपार्टमेंटची वायरिंग. कामं पॉइंटच्या दरानं (दिवा, पंखा, सॉकेट अशा प्रत्येक जोडणीमागं ठरलेले पैसे) घेतो, हाताखाली दोन पोरं आहेत.

अडचण अशी की शरीर ऐकेना. स्लॅबला पाइप टाकायला दिवसभर वाकलं की रात्री कंबर सरळ होत नाही. कटरनं झिरी (भिंतीत पाइप बसवायची खाच) मारली की उजव्या हाताला मुंग्या येतात, त्या पहाटेपर्यंत राहतात. घोड्यावर (उंच स्टँडवर) उभं राहून छताचे पॉइंट करायचे तर खांदा वर जात नाही. पोरं म्हणतात, मालक तुम्ही खाली बसा. पण पॉइंटच्या दरात खाली बसणाऱ्याची हजेरी निघत नाही.

फॉल्ट शोधायला मात्र लोक अजून मलाच बोलावतात. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा अकरावीला. म्हणजे अजून सात-आठ वर्षं कमवायला हवंच. गाव सोडायचं नाही. दुकान टाकू, सोलरमध्ये जाऊ, की नोकरी धरू? ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा.

पॅनेलवाला मिरज:
दादा, पॅनेल (मशिनींच्या कंट्रोलच्या पेट्या) बनवणाऱ्यांकडं चौकशी करा. मिरज आणि कुपवाड दोन्ही एमआयडीसीत अशी छोटी-मोठी युनिटं आहेत. काम टेबलावर किंवा उभ्या पॅनेलसमोर, छताखाली. ड्रॉइंग बघून कंट्रोल वायरिंग करायची, लग (वायरीच्या टोकाचे धातूचे तुकडे) क्रिंप करायचे, फेरूल (वायरीवरच्या नंबरच्या नळ्या) घालायचे, शेवटी टेस्टिंग. तुम्ही मेंटेनन्स केलाय म्हणजे कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), टायमर, स्टार-डेल्टा (मोटर कमी करंटवर सुरू करायची जोडणी) नवीन नाही. आमच्याकडं नवी पोरं वायर सुबक बांधतात, पण पॅनेल चालू झालं नाही की त्यांना कुठून सुरुवात करायची ते कळत नाही. तिथं तुमच्यासारखा माणूस लागतो.

दोन गोष्टी आधीच सांगतो. फेरूलचे बारीक आकडे वाचायला जवळचा चष्मा लागेल. आणि पहिल्या महिन्याचा पगार बघून मन खट्टू होईल, कारण पॉइंटच्या कामात हातात रोख दिसते तशी इथं दिसत नाही. पण पीएफ असलेली जागा मिळाली तर सोडू नका.

गणपती पेठ:
दुकानाचा विचार मनातून काढा. आमचं इलेक्ट्रिकच्या मालाचंच दुकान आहे म्हणून पोटतिडकीनं सांगते. माल भरायला भांडवल लागतं ते एक. खरी अडचण उधारीची. तुमचे सगळे ओळखीचे वायरमन आणि मिस्त्री तुमच्याच दुकानात येतील आणि बिल्डरचं बिल निघालं की देतो म्हणतील. त्यांना तुम्ही नाही म्हणू शकणार नाही. तांब्याचा भाव हलला की वायरच्या बंडलाचा दर हलतो, जुन्या भावात सांगितलेलं कोटेशन अंगावर येतं. दिवसभर उभं राहणं आहेच. सात-आठ वर्षांचा हिशोब असेल तर दुकान जम बसेपर्यंतच तीन-चार वर्षं खातं.

फिजिओ ताई:
कामाचं इतर लोक सांगतील, मी हाताबद्दल लिहिते. मुंग्या अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांत जास्त येतात का? रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो का? तसं असेल तर मनगटातली शीर दाबली जात असण्याची शक्यता आहे. कटर आणि ब्रेकर चालवणाऱ्यांत हे पुष्कळ दिसतं. मधुमेह किंवा थायरॉइड असेल तरी होतं, म्हणून रक्ततपासणी करून घ्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा. शिरेची तपासणी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगटाला पट्टा बांधून आणि कामाची पद्धत बदलून बऱ्याच जणांना आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसलेला दिसत असेल किंवा हातातून पक्कड सुटत असेल तर एक आठवडाही थांबू नका. बधिर बोटांनी चालू लाइनजवळ काम करणं धोक्याचं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि झिरी मारताना उडणारी धूळ फुफ्फुसात साठते. रुमाल बांधून भागत नाही. पोरांनाही चांगला मास्क द्या.

कुपवाडचा वायरमन:
ताई, अगदी तीच बोटं. या आठवड्यात दाखवतो. दुकानाचं घरातूनही तेच ऐकलं होतं, तो विषय मिटला.

तासगाव ढवळी:
मामा, शेतीकडं बघा की. तासगाव, पलूस, वाळवा, मिरज पूर्व भाग, जिकडं जाल तिकडं ऊस नाहीतर द्राक्ष आणि प्रत्येकाच्या मोटरला स्टार्टर. रात्रीची लाइट, कमी व्होल्टेज, पेटीत पाली आणि मुंग्या. हंगामात स्टार्टर घेऊन माणसं रांगेत असतात आणि दुरुस्त करणारा मिळत नाही. कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळलेले, नो-व्होल्ट कॉइल (लाइट गेली की मोटर सोडणारी) गेलेली, ऑटो स्विचनं (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या) घोळ घातलेला. हे सगळं टेबलावर बसून होतं. शेतकरी स्वतः स्टार्टर खोलून मोटरसायकलवर आणून देतो. तुम्हाला शिडी चढायची नाही, विहिरीत उतरायचं नाही.

यात तुमच्या अनुभवाची खरी किंमत ओव्हरलोड रिलेत (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या भागात) आहे. मोटर सारखी ट्रिप होते म्हणून गडी रिलेचा काटा शेवटाला फिरवून ठेवतो आणि महिन्याभरात मोटर जळते. पाच एचपीची थ्री फेज मोटर पूर्ण लोडला साधारण साडेसात अँपिअर घेते. स्टार-डेल्टात रिले वाइंडिंगच्या लाइनीत असेल तर सेटिंग पूर्ण करंटच्या 0.58 पट ठेवायचं. किती जण हे करतात? दुरुस्त केलेल्या पेटीच्या झाकणावर सेटिंग लिहून द्या आणि शेतकऱ्याला समजावून सांगा. ज्याची मोटर वाचेल तो गाव गोळा करून आणेल.

मोटर रिवाइंडिंग मात्र घेऊ नका. सबमर्सिबल उचलणं, खोलणं, जुनं वाइंडिंग काढणं, हे सगळं पुन्हा कंबरेवर येतं. ते काम जवळच्या रिवाइंडरला द्या, तो स्टार्टर तुमच्याकडं पाठवेल.

सौर सातारा:
मी साताऱ्यात रूफटॉप सोलरची कामं करतो. लोकांना वाटतं सोलर म्हणजे हलकं काम, तसं नाही. साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल 25 ते 30 किलोचं, ते जिन्यावरून गच्चीत न्यायचं, उन्हात स्ट्रक्चर बांधायचं. तुम्ही त्यात पडू नका. पण पॅनेल बसल्यानंतरचं आणि बसण्याआधीचं काम तुमचंच आहे: जागेची पाहणी, दक्षिणेला सावली कुठली पडते, घराचा लोड, मेन बोर्डाची अवस्था, एसी आणि डीसी बॉक्स, वीज अटकावाची (आकाशातली वीज जमिनीत नेणारी), डीसीची आणि एसीची अशा वेगवेगळ्या अर्थिंग. शिवाय नेट मीटरिंगचे (जादा वीज महावितरणला देऊन बिलात वळती करायचे) कागद. पीएम सूर्य घर योजना 2024 ला आली. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला 30,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण 78,000 रुपये अनुदान. त्यामुळं चौकशा भरपूर आहेत, पण घरात बसून ग्राहकाला नीट समजावणारा माणूस आमच्या धंद्यात कमी आहे. पाहणीला ठरावीक रक्कम आणि काम झालं तर वर काही, असं दोन-तीन कंपन्यांशी बोलून ठेवता येतं. एकाच कंपनीला बांधून घेऊ नका.

इन्व्हर्टर-बॅटरीच्या सर्व्हिसिंगमध्येही जाऊ नका, एवढं जोडून सांगतो. 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. चार जिने ती कोण नेणार?

मिरजेतला सुपरवायझर:
परवान्याबद्दल. वायरमनच्या पुढं पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असतं. तुमची पात्रता बसते का, कुठली कागदपत्रं लागतात, हे विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन विचारा, एजंटाकडं नको. ठेकेदाराला परवाना टिकवायला परवानाधारक पर्यवेक्षक आणि वायरमन लागतात. त्यामुळं सरकारी कामं करणाऱ्या ठेकेदाराकडं साइट बघणं, मोजमाप वहीसाठी मोजणी, मालाची यादी, टेस्ट रिपोर्ट, अशी जागा मिळू शकते.

एक सावधगिरी. कुणी म्हणेल, नुसता परवाना द्या, साइटवर यायची गरज नाही, महिन्याला पैसे पोचतील. पैशाची गरज कितीही असू दे, हे करू नका. तिथं कुणी शॉक लागून गेला तर कागदावर सही तुमची असते. ज्या कामावर सही करणार ते स्वतः बघून, मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावूनच करायचं.

गावभाग:
मी वायरमन नाही, सांगलीत पूरपट्ट्यात राहणारा घरमालक आहे. 2019 आणि 2021, दोन्ही वेळेला आमच्या तळमजल्यात पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला माणसं मिळाली, पण लाइट चालू करणं सुरक्षित आहे का, हे सांगणारा कुणी मिळेना. एकानं बोर्ड पुसून, उन्हात वाळवून चालू करून दिला. भिजलेला एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) बदलायचाच असतो, वाळवून चालत नाही, हे मला फार नंतर कळलं. आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. दर पावसाळ्यात तो आकडा बघून आमच्या गल्लीची झोप उडते. जूनच्या आधी घरी येऊन कुणी तपासणी केली, तळमजल्याची लाइन वरच्या मजल्यापासून वेगळी बंद करता येते का ते बघितलं, बोर्ड वर घ्यायला सांगितलं, आरसीसीबीचं (करंट गळला की लाइन तोडणाऱ्या स्विचचं) बटण दाबून दाखवलं, तर मी आनंदानं पैसे देईन. आमच्या गल्लीतली आणखी घरंही देतील.

मिरजेतला सुपरवायझर:
गावभागकरांनी नेमका मुद्दा मांडला. दादा, हेच तुमचं काम. गुंतवणूक फार नाही: 500 व्होल्टचा मेगर, बरा क्लँप मीटर, अर्थ टेस्टर सुरुवातीला भाड्यानं. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल रीडिंग घ्यायची, एक मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट चालू ठेवायचं नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, चालतो का. अर्थिंगचं रीडिंग. सगळं एका कागदावर, खोलीनिहाय.

कागदावर हेही स्पष्ट लिहा की ही तुमची खासगी तपासणी आहे, विद्युत निरीक्षकाचा दाखला नव्हे.

कुपवाडचा वायरमन:
हे मनाला पटलं. पण रोज कोण तपासणी करून घेणार? पावसाळा गेला की लोक विसरतात.

पॅनेलवाला मिरज:
नुसत्या तपासणीवर घर चालणार नाही, मान्य. म्हणून स्टार्टरचं टेबल आणि तपासणी एकत्र ठेवा. द्राक्ष-उसाच्या हंगामात टेबल, एप्रिल-मेमध्ये तपासणी. हप्ता चुकवता येत नाही असं काही डोक्यावर असेल तर आधी वर्षभर माझ्याकडच्यासारखी नोकरी आणि रविवारी हे.

विश्रामबाग:
आमच्यासारख्या अपार्टमेंटांचा वर्षाचा करार पण धरा. पाण्याच्या मोटरी, जिन्याचे दिवे, मीटर रूमची साफसफाई. करारात रात्रीच्या फोनचं वेगळं लिहा, नाहीतर वॉचमन दोन वाजता उठवतो.

आयटीआय निदेशक:
शिकवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. शासकीय आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर निदेशक घेतात, पण निदेशक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असणाऱ्याला आधी संधी मिळते, तो एक वर्षाचा कोर्स आहे. या वयात वर्षभर बिनपगारी बसणं तुम्हाला परवडेल असं वाटत नाही. ऊर्जा लेखापरीक्षक व्हा असं कुणी सुचवलं तर ती परीक्षा डिप्लोमा-डिग्रीवाल्यांची आहे, त्यात वेळ घालवू नका.

तुमची दोन पोरं मात्र सोडू नका. त्यांना हजेरीवर ठेवण्याऐवजी पॉइंटची कामं त्यांच्या नावावर करून द्या. काम तुम्ही आणायचं, डीबी ड्रेसिंग (मुख्य बोर्डातल्या वायरींची मांडणी) आणि शेवटची टेस्टिंग तुम्ही करायची, त्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. वाटा आधीच तोंडावर बोला. पोरं मोठी झाली की न बोललेल्या हिशोबावरूनच फाटतं.

बांधकाम कामगार:
योजनांचं थोडक्यात. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केलीय का? इमारतीतली वायरिंग त्यात धरतात. वय 18 ते 60, मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. अजून बांधकामावर आहात तोवर करून घ्या, पोरांचीही करा. शिक्षणासाठीचं सहाय्य तुमच्या मुलांना मिळू शकतं. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन दोन्हींत शिरायचं वय 40 पर्यंतच, ते गेलं. पीएम विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत इलेक्ट्रिशियन नाही. त्यासाठी कुणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका. पीएमईजीपीचं (केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेचं) कर्ज नव्या उद्योगाला मिळतं आणि वरच्या वयाची अट नाही, पण स्टार्टरच्या टेबलाला कर्ज कशाला?

कुपवाडचा वायरमन:
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यापासून झिरी आणि स्लॅबचं काम पोरांकडं, वाट्याचं बोलणं उद्याच करतो. घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडतो. मेगर आहेच. तपासणीचा दर कसा सांगायचा तेवढं कुणी सांगा. आजवर फॉल्ट शोधायला गेलो की लोक चहा पाजून पाठवत आलेत.

मिरजेतला सुपरवायझर:
फोनवरच सांगा: येण्याचे आणि तपासणीचे इतके, खोल्या वाढल्या तर इतके, दुरुस्तीचा खर्च वेगळा. दुरुस्ती तुमच्याकडंच करून घ्यायची सक्ती नाही हेही सांगा, म्हणजे तुम्ही मुद्दाम दोष काढताय असं कुणाला वाटणार नाही. ओळखीचा असला तरी पहिल्या घरापासून पैसे घ्या. गावभागकरांकडूनच सुरुवात करा आणि पहिला रिपोर्ट नाव-पत्ता झाकून इथं टाका, रीडिंग मी बघून देतो.