आर्टेटा खरोखर मोठे प्रशिक्षक आहेत का, आणि यंदाचे इंग्लिश प्रीमियर लीगचे विजेतेपद कोणाचे?

धरमपेठकर (नागपूर) | लिव्हरपूल समर्थक | ऑगस्ट २०२५

नमस्कार. मी लिव्हरपूलचा समर्थक आहे, त्यामुळे आर्सेनलच्या प्रशिक्षकाबद्दल मी विचारतो आहे याचे काहींना आश्चर्य वाटेल. नागपुरातल्या आपल्या मित्रमंडळीत मिकेल आर्टेटांचा विषय निघाला की चर्चा दोनच टोकांना जाते. एका बाजूला ‘एका एफए कपापलीकडे हातात काय आहे?’ (एफए कप म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) आणि दुसऱ्या बाजूला ‘मँचेस्टर सिटीच्या ग्वार्दिओलानंतर तेच’. दोन्ही विधाने मला अपुरी वाटतात.

डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी संघ हाती घेतला. आठवे, पुन्हा आठवे, मग पाचवे आणि त्यानंतर सलग तीन मोसम दुसरे असा त्यांचा लीगमधला प्रवास आहे. गेल्या (२०२४-२५) मोसमाची आकडेवारी पाहताना एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. आम्ही २५ सामने जिंकलो, ९ बरोबरीत सोडवले आणि ४ हरलो. आर्सेनलने २० जिंकले, १४ बरोबरीत सोडवले आणि तेही ४ हरले. पराभव समान असताना ८४ आणि ७४ असा दहा गुणांचा फरक पडला, तो केवळ त्या पाच जादा बरोबऱ्यांमुळे. ज्या संघाला हरवणे चॅम्पियन संघाइतकेच कठीण आहे, त्या संघाला जिंकणे का जमू नये? हे दुर्दैव आहे, खेळाडूंची उणीव आहे की प्रशिक्षकाचा स्वभाव? आणि यावरून यंदाच्या शर्यतीबद्दल काय म्हणता येईल? कृपया सविस्तर लिहावे.

सदरची गनर | आर्सेनल समर्थक

दादा, प्रतिस्पर्धी संघाच्या समर्थकाने इतक्या नेमकेपणाने प्रश्न मांडला याचा आनंद झाला.

त्या चौदा बरोबऱ्यांमागे काय होते ते आधी पाहू या. ओडेगार्ड सप्टेंबरमध्ये घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला, साका डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मैदानावर नव्हता, जानेवारीत आघाडीच्या गॅब्रिएल जेझुसच्या गुडघ्याची अस्थिबंध-दुखापत झाली आणि फेब्रुवारीत हावर्ट्झचा मांडीचा हॅमस्ट्रिंग स्नायू गेला. आघाडीला कोणी उरलेच नाही, म्हणून मिकेल मेरिनो या मधल्या फळीतल्या खेळाडूला पुढे उभे करावे लागले आणि लेस्टरविरुद्ध बदली म्हणून येऊन त्याने दोन गोल केले. त्यातच मोसमाच्या पहिल्या तीन महिन्यांत राइस, ट्रोसार्ड आणि सालिबा यांना रेड कार्डे मिळाली. सिटीविरुद्ध दहा खेळाडूंनिशी पूर्ण दुसरा अर्ध राखलेला विजय भरपाईच्या वेळेत सिटीच्या स्टोन्सच्या गोलने हिरावला गेला. अशा अवस्थेतही या संघाने चॅम्पियन्स लीगमध्ये रिआल माद्रिदला घरी ३-० आणि त्यांच्या मैदानावर २-१ असे हरवले.

‘जिंकले काय?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की, २०२३-२४ मध्ये आर्सेनलने ८९ गुण मिळवले. मँचेस्टर युनायटेडचे सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे २०१२-१३ मधले अखेरचे विजेतेपद नेमक्या ८९ गुणांवरच आले होते आणि आपल्या लिव्हरपूलने गेल्या वर्षी ८४ गुणांवर लीग जिंकली. २०२३-२४ च्या मोसमातल्या शेवटच्या अठरा सामन्यांपैकी आम्ही सोळा जिंकले, एक बरोबरीत सोडवला, एकच हरलो; तरीही ९१ गुणांची सिटी पुढेच राहिली. प्रतिस्पर्धी असामान्य निघाला म्हणून प्रशिक्षक सामान्य ठरत नाही.

शिवाय ओझिल आणि ओबामेयांग यांच्यासारख्या मोठ्या नावांना शिस्तीच्या आणि सामूहिक खेळाच्या मोजपट्टीवर बाजूला ठेवण्याचे धैर्य आर्टेटांनी दाखवले. ते निर्णय तेव्हा लोकप्रिय नव्हते.

कामठी छावणी | मुलांना फुटबॉल शिकवतो

मी कोणत्याही एका इंग्लिश क्लबचा कट्टर समर्थक नाही, त्यामुळे फक्त खेळाबद्दल लिहितो.

आर्टेटांचे सर्वांत मोठे काम चेंडू गमावल्यानंतरच्या काही क्षणांत दिसते. आक्रमण चालू असतानाच बचावपटू सालिबा, गॅब्रिएल (जेझुस नव्हे) आणि मधल्या फळीतले एक-दोन जण अशा जागा धरून असतात की चेंडू गेला तरी प्रतिस्पर्ध्याला प्रतिहल्ल्यासाठी मोकळी वाट सापडत नाही. २०२३-२४ मध्ये ३८ सामन्यांत या संघाने फक्त २९ गोल स्वीकारले, ते या रचनेमुळे. केवळ चांगले बचावपटू विकत घेऊन हे साधत नाही. रोजच्या सरावातून ते अंगवळणी पाडावे लागते.

दुसरे काम सेट-पीसचे, म्हणजे कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूवरच्या ठरवलेल्या चालींचे. त्याचे प्रशिक्षक निकोलास जोव्हेर २०२१ मध्ये सिटीतून आले आणि कॉर्नर हे आर्सेनलचे स्वतंत्र शस्त्र झाले. राइस किंवा साका गोलच्या दिशेने आत वळणारा चेंडू टाकतात, काही खेळाडू गोलरक्षकाच्या भोवती दाटी करून त्याला बाहेर येऊ देत नाहीत आणि गॅब्रिएल दूरच्या खांबाकडून धावत येऊन डोके लावतो. कामठीच्या मैदानावर आमची मुले आता कॉर्नर मिळाला की आधी आपापल्या जागा ठरवतात. पूर्वी चेंडू नुसता गर्दीत टोलवला जात असे. वरच्या पातळीवरची कल्पना कुठपर्यंत झिरपते, हे त्यातून कळते.

आता उणीव. धरमपेठकर दादा, आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. आर्सेनलचे आक्रमण वर्षानुवर्षे उजव्या बाजूच्या त्रिकोणावर, म्हणजे साका, ओडेगार्ड आणि मागून येणारा बॅक यांच्यावर उभे राहिले. साका गेला की तो त्रिकोण मोडतो आणि डाव्या बाजूकडे तितका पक्का पर्याय नसतो. २०२३-२४ मध्ये ९१ गोल करणारा संघ पुढच्याच वर्षी ६९ गोलांवर आला. दुखापती हे त्याचे कारण आहेच, पण एकाच वाटेवर इतका भार टाकणे हा प्रशिक्षकाचा निर्णय होता. आघाडी घेतल्यावर सामना ‘नियंत्रणात’ ठेवण्याची त्यांची ओढही मला खटकते. जानेवारीत ॲस्टन व्हिलाविरुद्ध घरच्या मैदानावर २-० अशी आघाडी असताना सामना २-२ वर गेला. एप्रिल २०२३ मध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम या सलग दोन सामन्यांत हेच घडले होते. दोन वर्षांच्या अंतराने तोच प्रकार पुन्हा दिसतो, तेव्हा त्याला नुसते दुर्दैव म्हणवत नाही.

मानेवाडा युनायटेड

गनरताई, फर्ग्युसन यांचे नाव आपण घेतलेच आहे म्हणून लिहितो. आर्टेटांचे समर्थक नेहमी सांगतात की फर्ग्युसन १९८६ मध्ये आले आणि पहिली लीग १९९३ मध्ये जिंकले, तेव्हा धीर धरा. तुलना अर्धीच सांगितली जाते. १९९० मध्ये एफए कप, १९९१ मध्ये युरोपियन कप विनर्स कप, १९९२ मध्ये लीग कप अशा पायऱ्या चढत युनायटेड तिथवर पोहोचले होते. लिव्हरपूलच्या क्लॉप यांनीही २०१५ मध्ये येऊन २०२० मध्ये लीग जिंकली, पण मधे २०१९ चे चॅम्पियन्स लीग होते. बाद फेरीचा अंतिम सामना जिंकण्याची सवय संघाला आतून बदलते, असे माझे ठाम मत आहे. आर्टेटांचा एफए कप २०२० चा आहे आणि त्यानंतर मोसमाआधीच्या एका सामन्याची कम्युनिटी शील्ड सोडली तर कपाट रिकामे आहे. गेल्या मोसमात लीग कपाच्या उपांत्य फेरीत न्यूकॅसलने दोन सामने मिळून त्यांना ४-० असे बाहेर काढले.

आमचा संघ पंधराव्या स्थानावर राहिला, त्यामुळे मोठ्या आवाजात बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही, हे मान्य आहे. असा प्रशिक्षक मिळाला तर मी उद्याच स्वीकारेन. तरीही ‘महान’ हे विशेषण मी राखून ठेवीन.

सिव्हिल लाइन्स | सिटी

सिटीला कोणी विचारात घेत नाही याचे नवल वाटते. सलग चार विजेतेपदांनंतरचे एक वर्ष घसरले, तेही रॉड्री सप्टेंबरमध्येच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेल्यावर. आणि तरी आम्ही ७१ गुणांसह तिसरे राहिलो. रॉड्री पूर्ण तंदुरुस्त झाला तर चर्चा वेगळी होईल.

सदरची गनर

कामठीचे सर, उजव्या बाजूबद्दलचे आपले निरीक्षण मला पूर्ण पटते. म्हणूनच यंदाच्या खरेदीकडे मी आशेने पाहते आहे. झुबिमेंडी मागून खेळ उभारेल आणि राइसला पुढे जाण्याची मोकळीक मिळेल. पोर्तुगालच्या लीगमध्ये ३९ गोल करून आलेला ग्योकेरेश बचावपटूंच्या मागच्या मोकळ्या जागेत धावतो. असा स्ट्रायकर आमच्याकडे बरीच वर्षे नव्हता. मानेवाड्याच्या दादांनी कपांचा मुद्दा मांडला, त्यावर आज माझ्याकडे उत्तर नाही. ते मैदानावरच मिळाले पाहिजे.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. कामठीच्या सरांचे उत्तर वाचून माझे मत बरेचसे स्थिर झाले. बचावाची रचना करण्यात आर्टेटा आज लीगमधल्या कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा कमी नाहीत, मात्र आघाडीवर असताना सामना संपवण्याची वृत्ती त्यांच्या संघात अजून पुरेशी भिनलेली नाही. आमचे प्रशिक्षक स्लॉट यांचे वैशिष्ट्य मला नेमके याच्या उलट दिसले. क्लॉप यांच्या संघात मोठी मोडतोड न करता त्यांनी खेळाचा वेग कधी वाढवायचा आणि कधी उतरवायचा हे शिकवले आणि सालाहच्या २९ गोल व १८ असिस्टना (गोल घडवणाऱ्या पासना) चौकट दिली.

यंदा मात्र आमचीही वाट सोपी नाही. आमच्या दियोगो जोताच्या निधनाचे दुःख त्या ड्रेसिंग रूममध्ये मोसमभर राहील. ट्रेंट आणि लुईस दियाझ गेले. व्हिर्ट्झ, एकिटिके, केर्केझ, फ्रिम्पाँग असे एकदम चार नवे चेहरे बसवायचे आहेत. इतके बदल पचायला वेळ लागतो आणि सुरुवातीला बचाव सैल पडण्याची मला भीती वाटते. आर्सेनलची बचावफळी मात्र तीच आहे. म्हणून समर्थक म्हणून मन लिव्हरपूलकडे असले, तरी शर्यतीत मी आर्सेनलला आमच्या बरोबरीने धरतो; सिटी त्यानंतर, आणि चेल्सी चौथी.

३१ ऑगस्टला ॲनफिल्डवर दोन्ही संघ समोरासमोर येत आहेत. त्या दिवशी आर्सेनल एका गोलने पुढे असेल, तर सत्तराव्या मिनिटानंतर आर्टेटा बचावपटू उतरवतात की आक्रमक, एवढे मी बघणार आहे.

कामठी छावणी

दादा, आणि सामना बरोबरीत असेल तेव्हा ते काय करतात, हेही बघा. त्या चौदा सामन्यांचा प्रश्न तिथेही आहे.