दोन साक्षींचे साडेतीन दिवस आणि ख्रिस्ताचे जीवन: साम्य कोठवर न्यावे?

शास्त्रवाचक (प्रश्न):
बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात दोन साक्षी 1260 दिवस संदेश देतात, अगाधकूपातून वर येणारे श्वापद त्यांना ठार मारते, त्यांच्या प्रभूला जेथे वधस्तंभावर खिळले त्या नगराच्या रस्त्यावर त्यांची प्रेते पडून राहतात, साडेतीन दिवसांनी त्यांच्यात प्राण येतो आणि ते मेघातून स्वर्गात जातात. हा क्रम ख्रिस्ताचाच आहे, हे उघड दिसते. मग शेवटच्या काळाविषयीची इतर भाकितेही त्याच्या जीवनावर बसवून वाचावीत का? आमच्या अभ्यासगटात एकाने असे ठामपणे मांडले की 1260 दिवस म्हणजे प्रभूच्या साडेतीन वर्षांच्या सेवाकार्याचे प्रतिबिंब होय. मला ते पटले नाही, परंतु उत्तरही सुचले नाही.

जुना_अभ्यासक:
साम्य खरे आहे, आकड्याचा आधार मात्र कच्चा आहे. येशूची सेवा साडेतीन वर्षे चालली असे शुभवर्तमानांत कोठेही लिहिलेले नाही. शुभवर्तमानात योहान तीन वल्हांडणांचा (हा यहुद्यांचा वर्षातून एकदा येणारा सण) स्पष्ट उल्लेख करतो (2:13, 6:4, 11:55), आणि 5:1 मधील अनामिक सण हाही वल्हांडणच होता असे धरले, तरच सेवेचा काळ तीन वर्षांच्या पुढे जातो. उलट 1260 दिवस म्हणजे तीस दिवसांचे 42 महिने, आणि त्यांचा उगम दानीएल 7:25 मधील 'एक काळ, दोन काळ व अर्धा काळ' (म्हणजे साडेतीन वर्षे) येथे आहे. तो संतांच्या छळाचा मोजून दिलेला काळ आहे. शिवाय ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, साडेतीन दिवसांनी नव्हे. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाला हुबेहूब जुळवणी करायची असती, तर हा आकडा बदलणे त्याला कठीण नव्हते. साक्षी आपल्या धन्याच्या वाटेने जातात, एवढेच त्याला म्हणायचे असावे.

मूळभाषा:
वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, तरी अशा वाचनाचा सर्वांत भक्कम पुरावा प्रकटीकरणात नसून मार्काच्या शुभवर्तमानात आहे, असे मला वाटते. 13व्या अध्यायाच्या शेवटी येशू शिष्यांना जागे राहण्यास सांगतो, कारण घरधनी संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी येईल, हे त्यांना ठाऊक नाही. पुढचे दोन अध्याय याच प्रहरांनुसार वाचून पाहावेत: संध्याकाळी तो बारा जणांसह भोजनास येतो, रात्री गेथशेमानेत शिष्य झोपी जातात, कोंबडा आरवतो तेव्हा पेत्राने त्याला नाकारलेले असते, आणि सकाळ होताच त्याला पिलाताच्या हाती दिले जाते. (मध्यरात्र हा शब्द तेथे येत नाही, हे मान्य करायला हवे.) 13:24 मध्ये सूर्य अंधकारमय होतो, तर 15:33 मध्ये भर दुपारी देशभर अंधार पडतो. मंदिराच्या नाशाच्या भाकितानंतर मंदिराचा पडदा फाटतो. म्हणजे मार्काच्या दृष्टीने शेवटच्या काळाची पहिली रात्र वधस्तंभाच्या आदल्या रात्रीच येऊन गेली. तारखांचे गणित मांडणाऱ्यांनी 13:32 (तो दिवस व ती घटका कोणालाच ठाऊक नाही) सोबत हेही वाचावे.

शास्त्रवाचक:
दोघांचेही आभार. मग ख्रिस्तविरोधकाचे काय? प्रकटीकरणातील श्वापदाला बरेच जण ख्रिस्तविरोधक मानतात, आणि त्याच्या जिवे मारल्यासारख्या पण बऱ्या झालेल्या मस्तकाचा संबंध काही जण थेट पुनरुत्थानाशी लावतात.

मूळभाषा:
तेथे साम्य मुद्दाम योजलेले आहे, पण ते विडंबन म्हणून. प्रकटीकरण 13:3 मधील 'वधलेले' हा ग्रीक शब्द 5:6 मध्ये कोकऱ्यासाठी, म्हणजे ख्रिस्तासाठी, वापरलेलाच आहे. 'जो आहे, जो होता आणि जो येणार' या देवाच्या नामाची नक्कल 17:8 मध्ये 'होते, नाही, आणि येणार' अशी उतरते, आणि तीही मधल्या 'नाही'पाशी फसते. भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे: श्वापदाची जखम बरी होते आणि ते पाहून सारी पृथ्वी थक्क होते, तर कोकरा राजासनाजवळ उभा असतानाही वधलेलाच दिसतो.