मदत हवी आहे : तगरीवर सापडलेल्या तीन निरनिराळ्या अळ्या ओळखायच्या आहेत

नमस्कार.

मी पुण्यात सहकारनगरला राहते. आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी वाढलेली जुनी तगर आहे. श्रावण लागल्यापासून पाच-सहा घरांतली माणसे पहाटे तिची फुले पूजेसाठी नेतात. मागच्या आठवड्यात तिच्या खालच्या फरशीवर मिऱ्यांएवढे, काळपट हिरवे, कोरडे दाणे पडलेले मला दिसले. आधी ते कसले तरी बी असावे असे वाटले. पण एक दाणा उचलून उन्हात धरला तेव्हा त्यावर उभ्या खाचा दिसल्या, आणि लक्षात आले की ही अळीची विष्ठा आहे. मान वर करून पाहिले तर शेंड्याकडच्या चार-पाच फांद्यांना पानेच उरली नव्हती. एवढे सगळे खाणारी अळी मात्र समोर असूनही सापडायला मला जवळजवळ पाव तास लागला.

छायाचित्रे काढली, पण वाऱ्यामुळे एकही स्पष्ट आलेले नाही, म्हणून जे पाहिले ते शक्य तितके नेमके लिहिते.

पहिली अळी हिरवी आहे. कोवळ्या तगरीच्या पानाचाच तो रंग, त्यामुळे ती पानाच्या मधल्या शिरेला समांतर बसली की दिसतच नाही. शेजारी मोजपट्टी धरून पाहिली तर लांबी ७ सेंटिमीटर भरली आणि जाडी माझ्या करंगळीहून अधिक. अंगावर केस किंवा काटे नाहीत. दोन्ही कुशींवरून शेपटीकडे एक पांढरी रेघ जाते आणि तिच्या वर-खाली रांगोळीचे बारीक ठिपके उमटावेत तसे पांढरे ठिपके आहेत. शेवटच्या टोकाला आखूड, जाडसर, पिवळसर नारिंगी शिंग असून ते खाली वळलेले आहे. पण लक्ष वेधून घेतात ते डोक्यामागचे दोन डोळे : मध्ये पांढरट, भोवती निळे आणि कडेला काळसर. मी फांदी जरा खाली ओढली तेव्हा अळीने खरे डोके आत घेतले, मानेचा भाग फुगवला आणि ते दोन निळे डोळे एकदम मोठे होऊन माझ्याकडे रोखले गेले. मी दचकून फांदी सोडून दिली.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर येणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या मला ओळखता येतात, कारण दरवर्षी पावसाळ्यात मी त्या पाहते. लहान असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठेपणी हिरव्या होतात, आणि डिवचल्या की डोक्यामागून नारिंगी-तांबडे, दुभंगलेले इंद्रिय बाहेर काढून उग्र वास सोडतात. या अळीने तसे काहीच केले नाही. त्यामुळे ती त्यांच्यापैकी नसावी असे मला वाटते.

दुसरी अळी पिवळी, अगदी लहान, माझ्या नखाएवढी आहे. अशा दोन मिळाल्या. त्यांच्याही शेपटीला शिंग आहे, पण ते काळे, केसासारखे बारीक आणि अंगाच्या मानाने फारच लांब. डोळ्यांसारखे ठिपके मात्र नाहीत.

तिसरीमुळे मी जास्त अस्वस्थ आहे. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या चाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर ती घाईघाईने चालली होती. आकाराने हिरव्या अळीएवढीच; पण पाठ काळपट तपकिरी, कुशी विटकरी आणि अंगाला एक प्रकारची मरगळ आलेली. तिला पुठ्ठ्यावर घेऊन मी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले, झाकणाऐवजी मलमलीचे फडके बांधले आणि तगरीची ताजी पाने घातली. तिने एकही पान कुरतडले नाही, पातळ विष्ठा टाकली आणि रात्रभर ती डब्याच्या कडेकडेने गोल फिरत राहिली. तिला काही रोग झाला आहे का, की आधीच कोणी तिच्यावर औषध मारले आहे?

या तीन जाती आहेत का, आणि असल्यास कोणत्या? सकाळी मुले फुले तोडायला येतात. त्यांच्या अंगाला यामुळे खाज किंवा इजा होऊ शकते का? सोसायटीच्या समितीने येत्या रविवारी कीटकनाशकाची फवारणी ठरवली आहे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे केंद्र आहे हे मला ठाऊक आहे, परंतु त्याआधी तिथे जाऊन येणे मला जमणार नाही. समितीसमोर केवळ "मला वाईट वाटते" असे म्हणून चालणार नाही. नेमकी माहिती हातात हवी, म्हणून हा धागा काढला आहे.

प्रतिसाद

ताई, बाकीचे नंतर पाहू. तपकिरी अळीच्या डब्यातली पाने आधी काढून घ्या आणि तळाशी चार बोटे भुसभुशीत माती किंवा कोकोपीट घालून त्यावर वाळलेली पाने पसरा. माती हाताला दमट लागावी, ओली नको. डबा अंधाऱ्या, निवांत जागी ठेवा. ती आजारी नाही. तिचे खाणे संपले आहे आणि ती कोष करायला जागा शोधते आहे.

प्रतिसाद

वरचा सल्ला योग्य आहे, त्याचे कारण सविस्तर सांगतो.

तुम्ही पाहिलेल्या तिन्ही अळ्या एकाच जातीच्या आहेत. ही कण्हेरीवरच्या हॉकमॉथची, म्हणजे डॅफ्निस नेरिआय या पतंगाची अळी आहे. १७५८ मध्ये लिनियसने या जातीचे वर्णन केले, तेव्हा नावात कण्हेरच घातली. नेरियम हे कण्हेरीचे शास्त्रीय नाव. पुण्यात मात्र मला ही अळी कण्हेरीपेक्षा तगरीवरच अधिक वेळा मिळाली आहे. सदाफुलीवरही ती वाढते. या तिन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत.

अंड्यातून नुकती बाहेर आलेली अळी पिवळी असते आणि तिचे शिंग तुम्ही लिहिले आहे तसेच काळे, बारीक आणि लांब असते. पुढे दर वेळी कात टाकताना रंग हिरवा होत जातो, शिंग आखूड आणि जाड होते, निळे डोळे उमटतात. पूर्ण वाढ झाली की ती खाणे थांबवते, पोट रिकामे करते (ती पातळ विष्ठा म्हणजे हेच), पाठीचा रंग गडद होतो आणि ती झाडावरून उतरून चालू लागते. हिरव्या पानांत लपण्यासाठी हिरवा रंग उपयोगाचा. जमिनीवरून जाताना तोच रंग घातक ठरला असता. फुलपाखरांच्या बऱ्याच अळ्या झाडावर किंवा जवळपासच्या आधाराला कोष टांगतात. ही अळी पालापाचोळ्यात विरळ धाग्यांचे आवरण विणून त्यात कोष करते. आपल्या सोसायट्यांमध्ये झाडाच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवलेली असते आणि पाने रोजच्या रोज झाडून नेली जातात, म्हणून ती बिचारी माती शोधत पार्किंगपर्यंत गेली.

ते निळे डोळे खरे डोळे नव्हेत. पक्ष्याला क्षणभर सापाचा भास व्हावा एवढेच त्यांचे काम. शिंगही बोथट असते, त्याने दंश होत नाही. मुलांना या अळीपासून भीती नाही. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर गर्दी करणारे केसाळ सुरवंट, किंवा आंब्याच्या पानांवर मिळणाऱ्या हिरव्या, काटेरी, चपट्या अळ्या यांना मात्र मुलांनी मुळीच हात लावू नये. त्यांच्यामुळे आग आणि खाज होते. तगरीचा चीक हाताला लागला तर साबणाने धुवावा, आणि कण्हेर तर विषारीच आहे, एवढे मुलांना जरूर सांगा.

समितीला सांगण्यासारख्या माझ्या मते दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे या दिवसांत तगरीला नवी पालवी लवकर येते. चार-पाच फांद्या बोडक्या झाल्याने एवढे जुने झाड मरत नाही. दुसरी अशी की फवारणीने केवळ अळ्या मरत नाहीत. अळ्या नीट पाहा; एखादीच्या पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष चिकटलेले दिसतील. ते परोपजीवी गांधीलमाश्यांचे असतात. ती अळी वाचत नाही. पण पुढच्या अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम याच माश्या करतात, आणि फवारणीत त्याही जातात. शिवाय त्याच झाडाची फुले देवापुढे ठेवायची आणि प्रसादाला तोच हात लावायचा, हेही समितीने ध्यानात घ्यायला हवे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार.

पहिला प्रतिसाद वाचल्यावर लगेच डब्यात माती आणि तगरीखालची वाळलेली पाने घातली. रात्रभर काचेवर डोके आपटल्यासारखी फिरणारी ती अळी दहा मिनिटांत पानांखाली शिरली आणि शांत झाली. आदल्या रात्री तिला काय हवे होते ते मला कळले नाही, याची फार रुखरुख लागली. चौथ्या दिवशी एक पान हळूच उचलून पाहिले : आत फिकट तपकिरी कोष होता, त्यावर गडद रेघ आणि बाजूंना काळे ठिपके, भोवती मातीचे कण अडकलेले जाळीदार धागे. पान पुन्हा होते तसे ठेवले.

समितीच्या बैठकीत मी पिवळी आणि हिरवी अळी फांदीसकट नेऊन दाखवली आणि आपण दिलेली माहिती वाचून दाखवली. पाऊण तास चर्चा झाली. तगरीवर फवारणी करायची नाही आणि तिच्या बुंध्याभोवतीचा दोन फुटांचा पाला गणपती होईपर्यंत झाडायचा नाही, एवढे मान्य झाले. बाकीच्या कुंपणावर फवारणी होणारच आहे. औषध उडून तगरीवर येऊ नये म्हणून त्या सकाळी मी तिच्यावर जुनी चादर धरून उभी राहणार आहे. अळ्या मोजल्या तर सध्या सहा आहेत. एकीच्या पाठीवर खरोखरच पांढऱ्या कण्या दिसल्या. तिला मी तशीच राहू दिली आहे.

आता एकच शंका उरली आहे. कोषातून पतंग बाहेर यायला किती दिवस लागतील, आणि तोवर डब्यात आणखी काही करायला हवे का?

प्रतिसाद

या हवेत साधारण दोन ते तीन आठवडे धरा. डबा लहान असेल तर कोष मातीसकट मोठ्या कुंडीत हलवा, वर जाळी बांधा आणि आत एक खडबडीत साल असलेली काडी तिरकी रोवून ठेवा. बाहेर आल्यावर पतंगाचे पंख चुरगळलेले आणि ओले असतात. काडीवर चढून ते खाली लोंबकळू दिल्याशिवाय सरळ होत नाहीत, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याला चढता येत नाही. माती अगदी कोरडी पडली असे वाटले तर कडेने थोडे पाणी शिंपडा, कोषावर नको. पतंग बहुधा रात्री बाहेर येईल, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून झोपण्यापूर्वी जाळीत एकदा पाहून घ्या.