लाल पाऊस, निळ्या लाटा आणि परग्रहावरील जीव

शिक्षिका, फोंडा: गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री चमकणाऱ्या निळ्या लाटा आणि २००१ साली केरळात पडलेला लाल पाऊस हे परग्रहावरील जीवसृष्टीचे पुरावे असून शास्त्रज्ञ ते दडवतात, असे येथे काल एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प राहवत नाही. लाटांतला उजेड नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय सागरी जीवांचा असतो. पाणी ढवळले की त्यांच्या पेशीत रासायनिक क्रिया होऊन प्रकाश पडतो. लाल पावसात ट्रेंटेपोहलिया या शेवाळाचे बीजाणू होते, हे शासकीय अहवालाने त्याच वर्षी सांगितले. यात दडवले काय?

काणकोणकर: तो मजकूर माझा आहे. माझे वडील रापणीला जात, त्यामुळे उजळलेले पाणी मी लहानपणापासून पाहत आलो. पण आमच्यासारख्यांना कोणी विचारत नाही. एका व्याख्यानात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा वक्त्यांनी उत्तर न देता माईक पुढच्या श्रोत्याकडे दिला. लाटांचे तुमचे म्हणणे मानतो, त्याहून अधिक नाही. लाल पावसाच्या पेशी पृथ्वीबाहेरच्या असाव्यात, असे केरळातील भौतिकशास्त्रज्ञ गॉडफ्रे लुईस आणि संतोष कुमार यांनी २००६ साली शोधनिबंधात मांडले होते. तेही अडाणी होते का?

निवृत्त तंत्रज्ञ, म्हापसा: अडाणी कोणीच म्हटलेले नाही. त्या पेशींत डीएनए नसल्याचा त्यांचा दावा टिकला नाही, एवढेच. प्रयोगशाळेत ते बीजाणू वाढवले गेले, तेव्हा शेवाळच उगवले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या पाहिलेल्या माणसाला यापुढे वाद घालण्यासारखे काही दिसत नाही.

काणकोणकर: मग जयंत नारळीकरांचे काय? २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली आणि तीत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यांपैकी एकीला, जीवन अंतराळातून आले असे मानणारे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे नाव दिले आहे. आपल्याच माणसाने केलेले काम आपणच बाजूला सारतो, याचा मला मनापासून राग येतो.

शिक्षिका, फोंडा: नारळीकरांविषयी मलाही आदर आहे, म्हणूनच त्यांचे नाव घेऊन त्या प्रयोगातून न निघालेला निष्कर्ष काढू नका. हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोने २००९ साली निकाल जाहीर करतानाच सांगितले होते. शिवाय त्या जाती पृथ्वीवरील ज्ञात जीवाणूंच्या नात्यातल्या निघाल्या.

काणकोणकर: नाते निघणारच! पृथ्वीवरचे जीवनच बाहेरून आले असेल, तर वरचे आणि खालचे जीव भाऊबंदच असतील. तुमचा आक्षेप माझ्या बाजूचा आहे.

निवृत्त तंत्रज्ञ, म्हापसा: हा मुद्दा बिनतोड नसला तरी दुबळा नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र नाते आढळले तरी पुरावा आणि न आढळले तरी पुरावा, असे म्हणत राहिल्यास तो सिद्धान्त तपासायचा कसा? पेशींतील कार्बन, नायट्रोजन यांच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण पृथ्वीवरच्यापेक्षा स्पष्टपणे वेगळे निघाले, तर मी सर्वांआधी तुमच्या बाजूने लिहीन.

शिक्षिका, फोंडा: १९६७ साली खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी येणारा रेडिओ संकेत सापडला, तेव्हा परग्रहवासीयांची शक्यता त्यांच्या गटातही बोलली गेली. ‘हिरवी छोटी माणसे’ हे नाव त्या संकेताला सुरुवातीला दिलेले होते. परंतु आकाशाच्या दुसऱ्या भागातूनही तसाच संकेत मिळाल्यावर ती शक्यता मागे पडली आणि पल्सार हा नियमित रेडिओ स्पंदने देणाऱ्या ताऱ्यांचा नवा प्रकार खगोलशास्त्राला मिळाला. विचित्र दिसले म्हणून त्यांनी ते टाकून दिले नाही, आणि घाईने निकालही दिला नाही.

काणकोणकर: टाकून दिले नाही, हेच तर मी कालपासून सांगतो आहे! समस्थानिकांची कसोटी मला मान्य आहे. पण मग पुढचे फुगे सोडा, नमुने तपासा, आणि तोवर ‘हे शक्यच नाही’ असे मुलांना शिकवू नका.

शिक्षिका, फोंडा: ‘शक्य नाही’ असे मी वर्गात कधीही सांगितलेले नाही. ‘पुरावा नाही’ असे सांगते आणि पुढेही सांगेन.