मदत हवी आहे: टांग्याच्या साजासाठी ताणातही सुटणारं बक्कल

ओढीचा पट्टा (ज्याने घोडा टांगा ओढतो तो) 38 मिमी रुंद, दुहेरी शिवलेला, 8 मिमी जाड. घोडा पडला की पट्टा ताणलेलाच राहतो आणि बक्कलाचा काटा निघत नाही. तो काढायला पट्टा आधी आणखी ओढावा लागतो ना! शेवटी सुरीने कापावाच लागतो. म्हणून बक्कल फक्त लांबी जुळवायला ठेवून टोकाला आकडा द्यायचाय. उघडा आकडा उतारावर पट्टा ढिला पडला की टांग्याच्या कडीतून निसटतो. आकड्याचं तोंड बंद ठेवायला स्प्रिंगची पट्टी लावली तर ती चिखलाने अडकते. सध्या कागदावर आहे तो बिजागरीवर उलटणारा आकडा, 8 मिमी सळईचा, टोकावर तो बंद धरणारी सरकती कडी (शिडाच्या बोटींवर असतो तसा). बिजागरीची पिन ओढीच्या रेषेपासून किती बाजूला घ्यावी, म्हणजे सरकत्या कडीवर कमी जोर येईल आणि ती एका हाताने सरकेल? धक्क्यांनी आपोआप सरकू नये म्हणून काय करावं? पिन 6 मिमी पुरेल?