लोकलमध्ये मोबाईल मोठ्याने लावणाऱ्याला कसं सांगता?

खिडकीवाला:
रोज डोंबिवलीहून सीएसएमटीची फास्ट पकडतो, सेकंड क्लास. परवा एक काका मोबाईलवर व्हिडिओ बघत होते, फुल आवाजात, एक संपला की दुसरा. ठाण्यापर्यंत गप्प राहिलो, मग जरा चढूनच बोललो की हेडफोन लावा ना, सगळ्यांनी का ऐकायचं. तर ते म्हणाले, तुमची बॅग केव्हापासून माझ्या तोंडाला लागतेय, मी काही बोललो का? बघितलं तर खरंच, पुढे अडकवलेली बॅग गाडी हलली की त्यांना लागत होती. घाटकोपरपर्यंत मान वर करवली नाही. मनापासून विचारतोय, भांडण न होता कसं सांगायचं?

कल्याणची_ताई:
मी लेडीज डब्यात. आमच्याकडे एकजण कल्याणला हॉस्पिटलात रात्रपाळी करून घाटकोपरला घरी जाते, बसली की झोपते. कोणी नवीन मोठ्याने फोनवर बोलायला लागलं की मी जवळ जाऊन हळूच सांगते, अगं ती रात्रभर जागी आहे. लगेच आवाज कमी करतात, कारण बऱ्याचजणींच्या लक्षातच आलेलं नसतं.

सह्याद्री_७१:
ताई, सगळेच ऐकत नाहीत हो. रेल्वे कायद्यात कलम १४५ आहे उपद्रवासाठी, रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. दमदाटी करणारा असेल तर जरूर करावी, पण रोज ज्यांच्यासोबत उभं राहायचं त्यांच्याशी आधी बोलून बघावं हे मलाही पटतं.

टाळकरी:
एकदा आळंदी ते पंढरपूर चाललो होतो. एवढी प्रचंड गर्दी पण पुढे जायचं असेल तर मागून नुसतं 'माऊली' म्हणतात आणि समोरचा सरकतो. पाण्याच्या टँकरपाशी माझा पाय एका आजोबांच्या पायावर पडला, मी सॉरी म्हणायच्या आत तेच वाकून माझ्या पाया पडले, मी त्यांच्या नातवाच्या वयाचा. रडूच आलं मला. तेव्हापासून गर्दीत कोणाला काही सांगायचं झालं की आवाज आपोआप खाली येतो.

खिडकीवाला:
टाळकरी, तुमचं दोनदा वाचलं. ते काका अजून परत दिसले नाहीत, दिसले की आधी बॅगेचं सॉरी म्हणणार आहे. आता चढल्या चढल्या आतल्यांना सांगतो, बॅग वर टाकता का जरा, आणि ती हातोहात रॅकवर जाते.